चार पानांचे पुस्तक आणि चार झडपांचे दार

समीक्षा कशाची करावी याबद्दल आपल्याकडे फार घट्ट समजुती आहेत. कादंबरीची करावी, कवितेची करावी, नाटकाची तर पहिला अंक पाहून घरी येता येताच करावी. पण ज्या वाङ्मयावाचून माणसाचे खरोखर अडते, त्याच्याकडे एकही समीक्षक वळून बघत नाही. प्रेशर कुकरबरोबर येणारी पुस्तिका, पासबुकाच्या शेवटच्या पानावरचे नियम, औषधाच्या खोक्यातली ती उलगडता उलगडता जेवणाच्या टेबलाएवढी होणारी चिठ्ठी, यांचे रसग्रहण मराठीत शोधून सापडायचे नाही. कादंबरी कळली नाही तर वाचक फार तर कळली असे सांगतो. कुकरचे पुस्तक कळले नाही तर वरण छताला लागते. आता कोणत्या वाङ्मयाची जबाबदारी मोठी, हे तुम्हीच ठरवा.

समीक्षकाने आपली भूमिका आधी स्पष्ट करावी असा संकेत आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. बँकेत क्लार्क आहे. हल्ली आम्हाला क्लार्क म्हणत नाहीत, असोसिएट म्हणतात. खुर्ची तीच आहे. वीस वर्षे मी काउंटरच्या आतल्या बाजूने अर्ज वाचतो आहे. ‘लागू नसेल ते खोडावे’ या एका वाक्यात केवढे जीवन सामावलेले आहे, हे मला कुणी शिकवायला नको. तेव्हा ज्या गद्यात लेखक वाचकाला काहीतरी करायला सांगतो आणि वाचक भलतेच करून येतो, त्या गद्याचा माझा अभ्यास दांडगा आहे, असे मी नम्रपणे नमूद करतो.

प्रस्तुत ग्रंथ चार पानांचा आहे. भाषा इंग्रजी. विषय : घडीचे दार बसवणे, जुळवणे आणि दुरुस्त करणे. लेखकाचे नाव नाही. प्रस्तावना नाही, अर्पणपत्रिका नाही, ‘ज्यांच्या प्रेरणेवाचून’ नाही. किंमतही नाही, कारण दाराच्या सुट्या सामानाच्या पुडीत तो फुकट मिळतो. पुडीत दोन खुंट्या, एक चाक, दोन ब्रॅकेटे, काही स्क्रू आणि हे वाङ्मय. मला ते वाचायला मिळाले न्यू जर्सीतल्या एडिसन गावी, माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी. २०२३ च्या जून महिन्यात तिने तिकीट पाठवले आणि मी गेलो. लोक अमेरिकेत नायगारा बघतात. मीही बघितला. पण नायगारा पडतच असतो, त्याची कुणी दुरुस्ती करत नाही. त्यामुळे लिहिण्यासारखे फारसे सापडले नाही.

ज्यांनी हे दार पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देतो. आपण कपाट विकत आणतो. गोदरेजचे कपाट घरात आले की चार माणसे, दोन हमाल आणि ‘भिंत सांभाळा, भिंत!’ असा एक आवाज, एवढे सगळे लागते. अमेरिकेत कपाट आणावे लागत नाही. घर बांधतानाच भिंतीत एक खोल जागा सोडतात आणि तिला क्लॉझेट म्हणतात. तिला आपल्यासारखे साधे दार लावले तर ते उघडताना खोलीत दोन-अडीच फूट आत येते आणि पलंगाशी भांडते. म्हणून दाराचीच उभी घडी करतात. दोन झडपा मधोमध बिजागऱ्यांनी जोडलेल्या. मूठ ओढली की मधला सांधा बाहेर येतो आणि दोन्ही झडपा पुस्तकासारख्या मिटून एका अंगाला उभ्या राहतात. क्लॉझेट रुंद असेल तर अशा दोन जोड्या, म्हणजे चार झडपा. डावी जोडी डावीकडे मिटते, उजवी उजवीकडे. उंची बहुधा ८० इंच, म्हणजे सहा फूट आठ इंच. दिसायला एकदम भारदस्त, नक्षीचे चौकोन वगैरे. पण बोटाने टकटक केले की आवाज पोकळ येतो. कडेने तेवढी लाकडाची पट्टी आणि आत पुठ्ठ्याची जाळी. भारदस्त दिसणाऱ्यांवर टकटक करून पाहण्याची सोय सगळीकडे नसते. दाराच्या बाबतीत ती आहे, हा त्याचा मोठेपणा.

गंमत पुढेच आहे. हे दार चौकटीला बिजागऱ्यांनी टांगलेले नसते. ते खाली एका खुंटीवर उभे राहते, वर दुसऱ्या खुंटीने धरलेले असते आणि त्या दोहोंच्या आधाराने गिरकी घेते. ही युक्ती पाहून मला एकदम माहेरच्या माणसाला भेटल्यासारखे वाटले. आपल्या जुन्या वाड्यांत कवाडाच्या कडेच्या लाकडालाच वर आणि खाली टोक ठेवलेले असे. खालचे टोक उंबऱ्याच्या खोबणीत, वरचे चौकटीच्या. बिजागरी नाही की काही नाही. पिढ्यान् पिढ्या दार त्या टोकांवर कुरकुरत फिरत असे आणि रात्री उशिरा येणाऱ्या धाकट्या काकांची बातमी आजोबांना देत असे. तेव्हा तत्त्व तेच. फरक एवढाच की आपल्या थोरामोठ्यांच्या दारांना भीती हत्तीची होती. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्याला बाहेरून टोकदार खिळे ठोकले आहेत ते त्याचसाठी. अमेरिकन घडीच्या दाराला हत्तीची भीती नाही. त्याला भीती कशाची, हे ग्रंथाच्या चौथ्या पानावर कळते. ते आत्ताच सांगितले तर ग्रंथकर्त्यावर अन्याय होईल.

आता पात्रपरिचय. प्रमुख पात्रे पाच.

खालची खुंटी. हिला आटे असतात आणि तळाशी दाते. जमिनीलगत चौकटीला ठोकलेल्या ब्रॅकेटच्या दात्यांत ती जाऊन बसते. अख्ख्या जोडीचे जवळजवळ सगळे वजन या बोटभर खुंटीवर. ती कुणाला दिसत नाही, तिचे नाव कुणी घेत नाही, आणि ती ढिली पडली की सगळे म्हणतात दार बिघडले. आमच्या शाखेत हिला क्लार्क म्हणत.

वरची खुंटी. हिच्या पोटात स्प्रिंग असते. दाबली की आत जाते, सोडली की पुन्हा वर येते. वजन अजिबात घेत नाही. फक्त वरच्या रुळातल्या ब्रॅकेटमध्ये डोके घालून दार उभे ठेवते. हिचे पद मी सांगत नाही. मात्र तिच्यावाचून दार आडवे होते हे तटस्थपणे नोंदवतो, कारण आमच्याकडे लेख वरचे लोकही वाचतात.

चाक. हे पुढच्या झडपेच्या डोक्यावर असते आणि रुळात इकडून तिकडे फिरते. इन्स्पेक्शन विभाग. ते फिरते तोवर सगळे ठीक चालले आहे असे समजायचे.

बिजागऱ्या. बहुधा तीन. दोन झडपांना एकत्र ठेवतात, आणि कुठे दुमडायचे हेही त्याच ठरवतात. युनियन.

शेवटचे पात्र म्हणजे मागच्या अंगाला, खालच्या बाजूला बसवलेले दोन छोटे पत्रे. डावी जोडी आणि उजवी जोडी मिटताना हे पत्रे एकमेकांत अडकतात आणि दोन्ही बाजू एका रेषेत आणतात. दिवसअखेर रोकड आणि वही यांचा ताळा जुळवणारा जो कोणी असतो, तो हाच. तो जागेवर नसेल तर दोन झडपा समोरासमोर येऊन, एक पुढे एक मागे, अशा उभ्या राहतात. लग्नाच्या जुन्या फोटोत व्याही उभे राहतात तशा.

आणि मूठ? ग्राहकाचा हात फक्त मुठीला लागतो, म्हणून सगळे श्रेय तिला. तिच्याबद्दल मी काही लिहीत नाही.

कथानक साधे पण घट्ट विणलेले आहे. दाराला तीन दुखणी होतात : ते खाली घासते, तिरके उभे राहते किंवा रुळातून सुटून अंगावर येते. चौकट आणि दार यांच्यातली फट वर रुंद आणि खाली अरुंद झाली असेल तर वरच्या ब्रॅकेटचा स्क्रू सैल करायचा, ते रुळात हवे तेवढे सरकवायचे आणि पुन्हा आवळायचे. किंवा दार किंचित उचलून खालची खुंटी एक दात पुढे किंवा मागे ठेवायची. दार घासत असेल तर खालच्या खुंटीचे आटे पान्याने फिरवून तिची उंची कमी-जास्त करायची. रूळ कुरकुरत असेल तर आधी धूळ पुसायची आणि मग मेण चोळायचे. तेल घालायचे नाही, कारण तेल धूळ धरून ठेवते. खुंटीचे भोक खाऊन रुंद झाले असेल तर लाकडाची गोल दांडी सरस लावून त्यात ठोकायची, रात्रभर सुकू द्यायची आणि सकाळी तिच्यात नवे भोक पाडायचे. इथे एक उणीव दाखवणे समीक्षक म्हणून माझे कर्तव्य आहे. ब्रॅकेटचा स्क्रू ढिला झाला असेल तर त्या भोकात काडेपेटीतल्या दोन काड्या गुलाचा भाग मोडून घालाव्या, हा उपाय ग्रंथात कुठेही नाही. आमच्या गल्लीतल्या सुतारापर्यंत ग्रंथकर्ता पोचलेला दिसत नाही.

शैलीबद्दल मात्र मान डोलवावी लागते. सगळे आज्ञार्थात. उचला. फिरवा. आवळा. थांबा. विशेषण औषधालाही नाही. ‘हळुवार’ हा शब्द मी मुद्दाम शोधला, सापडला नाही. आपल्या कथांतून नायिका दार उघडते त्याला दीड पान लागते आणि दार उघडल्यावरही ती आत जात नाही, दाराला टेकून भूतकाळात जाते. इथे तेवढ्या जागेत दार काढून, दुरुस्त करून, पुन्हा बसवून होते.

आता दोष. पहिला, चित्रांचा. चित्रांत सर्वत्र एक हात आहे. मनगटाशी कापलेला. त्या हाताला घाम नाही, वय नाही, पाठीत उसण नाही. आणि मुख्य म्हणजे त्याच्यामागे उभे राहून ‘डावीकडे... अरे तुझ्या डावीकडे नाही, माझ्या’ असे सांगणारे कोणी नाही. असा हात मी जगात कुठे पाहिलेला नाही.

दुसरा, मापांचा. ग्रंथात ‘एक सोळांश इंच’ या मापाचा फार सुळसुळाट आहे. भाऊजींचे म्हणणे, अमेरिकेने मेट्रिक पद्धत मनापासून घेतली नाही हा मोठा घोटाळा आहे. मला त्यात आपलेपणा वाटला. सोळा आण्यांचा रुपया आपण १९५७ साली मोडला, पण आण्याचा हिशेब अमेरिकेच्या इंचात अजून सुखाने नांदतो आहे. शिवाय आपला सुतार अजून सुतात बोलतो. आठ सुतांचा एक इंच. म्हणजे एक सोळांश इंच हे साधे अर्धे सूत. मी हे सांगितल्यावर भाऊजी म्हणाले, “पॉइंट झिरो सिक्स टू फाइव्ह.” दोघेही बरोबर होतो. म्हणून वाद बराच वेळ चालला.

तिसऱ्या मुद्द्याला दोष म्हणावे की भाबडेपणा, ते ठरत नाही. ग्रंथकर्त्याचा माणसाच्या बांधकामावर विश्वास आहे. चौकट काटकोनात, जमीन पाणसळीत, भिंत ओळंब्यात, असे त्याने गृहीतच धरले आहे. पण त्याच वेळी तो म्हणतो की चौकटीची रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजा आणि सगळ्यांत कमी येईल ती खरी धरा. म्हणजे विश्वासही आहे आणि पडताळाही आहे. कर्जवाटपाचे सगळे शास्त्र यापलीकडे नाही.

आता ग्रंथाचे समाजात स्वागत कसे झाले, ते पाहू. समाज म्हणजे ताई आणि भाऊजी.

भाऊजी स्थापत्य अभियंता. आता निवृत्त आहेत. आयुष्यभर त्यांनी पुलांचे हिशेब केले. त्यांच्या आकड्यांवर भरवसा ठेवून रोज हजारो गाड्या नदी ओलांडतात. अशा माणसाने पुडीतले पुस्तक वाचून क्लॉझेटचे दार दुरुस्त करावे हे त्यांना अंमळ कमीपणाचे वाटत होते. त्यांनी जेवणाच्या टेबलावर कागद पसरून दारावर कोणकोणती बले कार्य करतात त्याची आकृती काढली होती. आकृती अकाट्य होती. दार तसेच होते. एकदा कारागिराला फोन करून झाला होता. त्याने नुसते येऊन बघण्याचे जे पैसे सांगितले त्यात आमच्याकडे सुतार आख्खे कपाट बनवून वर पाट करून देईल. तेव्हा तोही विषय संपला होता.

आणि ताई? तिला दुरुस्तीची गरजच वाटत नव्हती. स्वयंपाकघराशेजारच्या बोळातले हे दार. उजवी जोडी बिघडलेली. मी पहिल्याच दिवशी तिला ते उघडताना पाहिले. उजव्या हातात मूठ. डावा गुडघा झडपेखाली. मग गुडघ्याने दार जरा उचलायचे, खांद्याने आत दाबायचे, श्वास रोखायचा आणि तेवढ्या क्षणात मूठ ओढायची. फूटभर उघडते. त्यातून हात घालून हाताला लागेल ती वस्तू घ्यायची आणि उलट क्रमाने सगळे पुन्हा. साठी गाठलेली बाई भरतनाट्यमची एखादी अवघड जागा सहज घ्यावी तसे हे करत होती. मी म्हटले, “ताई, हे किती वर्षं?”

“नवा गालिचा घातला तेव्हापासून. दोन हजार चौदा. अरे, एकदा पडलं अंगावर, तेव्हापासून मी उजवीकडचं फारसं उघडतच नाही. होते सवय. मी करते ॲडजस्ट.”

इथे मला हातातला ग्रंथ पुन्हा उघडावा लागला. कारण हाच शब्द त्याच्या पानापानांवर होता.

‘ॲडजस्ट’ हा शब्द इंग्रजांनी आपल्याला दिला खरा, पण आपण त्याचा उलटा कोट करून घातला. लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा येतो आणि म्हणतो, “थोडं ॲडजस्ट करा.” म्हणजे काय करायचे? बाक लांब होत नाही. पहिल्या तिघांनी बरगड्या आत घ्यायच्या आणि चौथ्याने निम्मा देह हवेत ठेवायचा. साहेब म्हणतात, “दोन माणसं रजेवर आहेत, जरा ॲडजस्ट करा.” काउंटर कमी होत नाहीत, रांग आखडत नाही. मुलीला सासरी पाठवताना सगळे वडीलधारे हाच एक शब्द तिच्या बॅगेत घालतात. तिथेही घर हलत नाही, घरातली माणसे हलत नाहीत, पोर तेवढी हलते. आपल्याकडे ॲडजस्ट व्हायचे ते माणसाने. वस्तू, बाक, साहेब आणि सासर यांना ती सवलत नाही म्हणा, किंवा तो त्रास नाही म्हणा.

या ग्रंथात माणूस एकदाही ॲडजस्ट होत नाही. चारही पाने मी व्याकरणाच्या चष्म्यातून तपासली. प्रत्येक ठिकाणी कर्म आहे आणि ते कर्म लोखंडाचे आहे. खुंटी ॲडजस्ट करा. ब्रॅकेट ॲडजस्ट करा. गुडघा ॲडजस्ट करा असे कुठेच नाही. मराठीत पाहिले तर या दोन अर्थांसाठी आपल्याकडे दोन वेगळे प्रयोग आहेतच : जुळवणे आणि जुळवून घेणे. पहिला सुताराचा, दुसरा सुनेचा. इंग्रजी शब्द घेताना आपण सुताराचा अर्थ बंदरावरच सोडून आलो असावे.

आणि मग दुसऱ्या पानाच्या तळाशी ते वाक्य आले. माझ्या मते सबंध ग्रंथातले ते सर्वोत्तम वाक्य. खुंटीला पाना लावण्यापूर्वी दार किंचित उचलून धरा आणि तिच्यावरचा भार काढून घ्या, असा त्याचा आशय. कारण उघड आहे. पाऊणशे-ऐंशी इंच उंचीचे दार डोक्यावर घेऊन उभ्या असलेल्या खुंटीचे आटे फिरत नाहीत. जोर लावला तर ती स्वतः फिरायच्या ऐवजी आपल्या भोवतीचे लाकूड कुरतडते. भोक रुंद होते आणि खुंटी कायमची डगमगू लागते. तेव्हा आधी भार काढायचा, मग तिला वळ म्हणायचे.

एवढे साधे तत्त्व आपल्या कुठल्या उपदेशपर ग्रंथात सापडलेले मला तरी आठवत नाही. आपल्याकडे ज्याच्या डोक्यावर भार असतो त्यालाच आपण वळायला सांगतो, आणि भार उचलून धरायला कुणी पुढे होत नाही, कारण प्रत्येकाच्या हातात सल्ला असतो. ताई १९९४ साली लग्न होऊन सांगलीहून इथे आली. कृष्णेच्या पुरापलीकडे निसर्गाचे काही पाहिले नव्हते, तिने पहिल्या हिवाळ्यात फावड्याने दारातले बर्फ उपसले. दोन मुले वाढवली, नोकरी केली, गाडी शिकली. सासू-सासरे येऊन राहत तेव्हा नोकरीवरून येऊन तिन्हीत्रिकाळचा स्वयंपाक केला. दर पत्रात, पुढे दर फोनवर, आईचा एकच प्रश्न असे : “ॲडजस्ट होतेस ना गं?” आणि तिचे एकच उत्तर : “हो.” कुणी विचारले नाही की काय जड होतेय. विचारले असते तरी तिने सांगितले असते असे नाही. गुडघ्याने दार उचलायला शिकलेल्या माणसाला ते जड आहे हे कळेनासे होते.

ग्रंथाचा कळस चौथ्या पानावर, तळाशी, मुंगीच्या अक्षरांत आहे. रहस्यकथाकारांनी शिकावे असा. दाराचा वैरी कोण? तर गालिचा. नवा जाड गालिचा घातला की जमीन वर येते आणि दार त्यावर घासू लागते. मग घाईत कोणीतरी खालची खुंटी फिरवून फिरवून दार वर घेतो. दार सुटते, पण खुंटी जवळजवळ सगळी बाहेर येते. लाकडात उरतात दोन-तीन आटे. तेवढ्या आट्यांवर दार काही महिने उभे राहते, मग डुलू लागते, भोक खाते आणि शेवटी रूळ सोडून बाईमाणसाच्या खांद्यावर येते. उपाय : खुंटी पुन्हा पुरती आत घालावी आणि ब्रॅकेटखाली लाकडाचा ठोकळा देऊन तेच गालिच्याच्या उंचीला आणावे. म्हणजे पुन्हा तेच तत्त्व. उंची हवी आहे ना, मग ती खुंटीला ताणून मागू नका. तिच्या पायाखाली काहीतरी द्या.

आम्ही प्रयोग करून ग्रंथाची कसोटी पाहिली. समीक्षेत हे सहसा करत नाहीत. पहिल्या दिवशी दार मिटून वर दाबले. वरची खुंटी स्प्रिंगवर आत गेली, खालची दात्यांतून सुटली आणि दार हातात आले. भोकात सरस आणि दांडी. भाऊजींनी ठोकळा कापला. पुलाच्या खांबाला शोभेल इतका काटेकोर, चारही बाजू पॉलिश पेपरने घासून. दुसऱ्या दिवशी नवे भोक, खुंटी पुरती आत, ठोकळा, त्यावर ब्रॅकेट, त्यावर दार. डोके वर, मग पाय खाली. फट सारखी करायला शेवटची अर्ध्या सुताची उंची राहिली होती.

भाऊजी पाना घेऊन खाली बसू लागले, तशी ताई म्हणाली, “द्या इकडे. तुम्ही दोघं दार धरा.”

एका बाजूने भाऊजी, एका बाजूने मी. आम्ही दार किंचित उचलले. ताई गालिच्यावर बसली आणि तिने पाना लावला. खुंटी लोण्यातून फिरावी तशी फिरली. ताईने वर पाहिले.

“एवढं हलकं असतं हे?”

“आम्ही धरलंय ना,” भाऊजी म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, “असंच करायचं असतं. पुस्तकात आहे.” आकृतीचा कागद त्यांनी संध्याकाळी घडी करून रद्दीत ठेवला.

उजवी जोडी नऊ वर्षांनी पुरती मिटली. आतून काय निघाले? दोन बॅगा, एक छत्री, पिशव्यांनी भरलेली पिशवी आणि सर्वांत मागे, सांगलीच्या कुठल्याशा साड्यांच्या दुकानाच्या पिशवीत गुंडाळलेले आईचे पुरणयंत्र. दर होळीला ताई मला फोनवर सांगत असे की हल्ली इथल्या इंडियन स्टोअरमध्ये पुरणपोळी छान मिळते, घरी कोण घोळ घालतो. घोळ डाळीचा नव्हता, गुळाचा नव्हता. बोटभर खुंटीचा होता. त्या रविवारी पुरण झाले. आज सण कुठला, असे भाऊजींनी विचारले, तर ताई म्हणाली, “जून महिन्यातला.”

समारोप रीतीप्रमाणे करतो. छपाई स्वच्छ. बांधणी नाही, एकच घडी. चित्रे बोलकी पण मनगटापर्यंतच. ज्यांच्या घरी असे दार नाही त्यांनीही संग्रही ठेवावे असे पुस्तक. मराठीत ते कुणी आणावे अशी माझी सूचना आहे. अनुवादकाला एकच विनंती : ‘ॲडजस्ट’ आले की सवयीने ‘जुळवून घ्या’ लिहू नये. ‘जुळवा’ असे लिहावे. आणि दुसऱ्या पानाच्या तळाचे ते भाराचे वाक्य जमल्यास जरा ठळक छापावे. मुलीच्या बॅगेत घालायला बरे पडेल.